कुसीतल्या खुंट्या

पाहुण्यांनी कधी यावं ते खरं सांगितलं म्हणून कुणाचं शेत जातं का? झांझिबारच्या आमच्या किनाऱ्यावर मोझाबाईचं, आमच्या बी मोझाचं गेलं. मला अजून संताप येतो.

तीस वर्षं ती माझ्या शेजारी समुद्रात शेवाळ पिकवते. ओहोटीला पाणी गुडघ्याखाली आलं की खुंट्या ठोकायच्या, दोऱ्या ताणायच्या, त्यांना शेवाळाचे तुकडे बांधायचे. नवरा मोंबासाला गेला तो गेलाच. या शेवाळावर तिनं दोन मुली शिकवल्या, घराला पत्रे घातले.

गेल्या वर्षी नव्या हॉटेलचा मॅनेजर बराका पाण्यातून चालत तिच्याकडे आला. "बी मोझा, पाहुण्यांनी इथं यायचं तर कधी यावं?"

"कुसीचा वारा सुटला की या, बाबा. जून ते सप्टेंबर. ऊन सोसवतं, पाणी नितळ असतं. डिसेंबरनंतर नको. तेव्हा पाणी इतकं तापतं की माझं शेवाळसुद्धा पांढरं पडून कुजतं."

त्यानं तिचा फोटो काढला आणि गेला.

यंदा मे महिन्यात हॉटेलचं पत्रक निघालं. वर बी मोझा, डोक्यावर टोपली, मागे तिच्या खुंट्या. खाली तिचंच म्हणणं, जून ते सप्टेंबर. त्याच आठवड्यात गावचा प्रमुख, शेहा, आम्हा बायकांना म्हणाला, "हॉटेलसमोरच्या खुंट्या काढा. पाहुण्यांच्या पायांना लागतात. शेवटचे पाहुणे गेले की, डिसेंबरात, परत लावा."

"डिसेंबरात काय लावू, तुझं डोकं?" बी मोझा म्हणाली. शेहा तिचा मावसभाऊ, तिला चालतं. "पिकाचे तेवढे महिनेच दिलेस होय रे त्यांना?"

"महिने तूच सांगितलेस, ताई."

मेल्याची जीभ कशी झडली नाही? दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या माणसांनी आमच्या खुंट्या उपटल्या. बी मोझा वाळूत बसून बघत राहिली. तिच्या वाटणीच्या शिव्याही मीच दिल्या.

जुलैत पाहुणे आले. हातात पत्रक, आणि जो तो विचारतोय, ही बाई कुठे आहे? बराका धावत तिच्या दारात आला. "रोज सकाळी तासभर टोपली घेऊन उभ्या राहा. पैसे देऊ. खुंट्यांची सोय आम्ही केलीय."

सोय म्हणजे काय, तर हॉटेलच्या पायऱ्यांपुढे कोरड्या वाळूत आठ रंगवलेल्या खुंट्या. उधाणालाही तिथं पाणी पोचत नाही. दोरी नाही, शेवाळ नाही.

दुसऱ्या सकाळी बी मोझा तिथं गेली आणि तिनं टोपली खाली ठेवली. एकेक खुंटी उपटून काखेत मारली आणि ओहोटीच्या पाण्यातून आपल्या जुन्या जागी गेली. दगडानं पहिली खुंटी ठोकली.

"अहो, तिथं पाहुणे पोहतात," बराका काठावरून ओरडला.

"पोहू देत की," ती मान वर न करता म्हणाली. "मीच बोलावलंय त्यांना."

पाहुणे फोटो काढत होते. त्यांच्यादेखत तिच्या खुंटीला हात लावायची बराकाची छाती झाली नाही. मी दोरी आणायला घरी पळाले.