परगावच्या इफ्तारीची वेळ

इंग्रजी भाषेवर आमच्या शेजारच्या सरांनी जेवढं प्रेम केलं, तेवढं खुद्द इंग्रजांनीही केलं नसेल. आणि एवढं करून ती भाषा त्यांच्याशी चार शब्द बोलायला कधी घरी आली नाही, हे मी भिंतीपलीकडून पुष्कळ वर्षं ऐकलेलं आहे. मी हुमनाबादच्या बसस्टँडावर कंट्रोलर होतो. म्हणजे गाड्या वेळेवर सोडायचा पगार घ्यायचो आणि त्या का सुटल्या नाहीत हे लोकांना सांगायचो. माझं गाव खजुरी, सरांचं मेहकर. माझे आजे-पणजे मेंढरांमागं हिंडले, सरांच्या घराण्यानं दीक्षा घेतली आणि पोरांना शाळेत घातलं. हायवेच्या या गावात मात्र आम्हा दोघांच्या भाड्याच्या खोल्यांना भिंत एकच होती. त्या भिंतीतून पहाटे बुद्धवंदना ऐकू यायची आणि लगेच मागोमाग इंग्रजी वर्तमानपत्राचं मोठ्यानं वाचन. सर एका उर्दू हायस्कुलातून इंग्रजीचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. मुलगा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला, नातू झाला तशी सरांची बायको दोन महिन्यांसाठी म्हणून तिकडं गेली, आणि ते दोन महिने काही संपायलाच तयार नव्हते. सर एकटे भात टाकायचे, एकटे जेवायचे आणि एकटेच त्या भाताला इंग्रजीत नावं ठेवायचे.

गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि बोलायला कोणी नव्हतं, त्यामुळे त्यांनी सगळ्या गावाचं इंग्रजी सुधारायला घेतलं. हायवेवर उभ्या लॉऱ्यांच्या पाठी ते वाचत जायचे आणि चूक दिसली की क्लीनरला खाली बोलावून सांगायचे. एका ढाब्याच्या पाटीवर कोंबडीचं इंग्रजी चुकलं होतं, तर मालक पाटी बदलेपर्यंत सरांनी तिथला चहा सोडला. मालकाला हे कळलंच नाही, कारण सर तिथं आधीही चहा प्यायचे नाहीत. मी माइकवरून गाडी पुकारली की पाच मिनिटांत हे माझ्या खिडकीशी हजर. "अण्णा, प्लॅटफॉर्म म्हणताना तोंड उघडा की जरा. गुळणी धरून बोलायलाव का?" एकदा तर त्यांनी मला गाडी परत पुकारायला लावली. गाडी तोवर भालकीच्या वाटेला लागलेली होती, पण सरांचं समाधान झालं. चिडून मी बायकोला म्हणालो, या माणसाला पुण्याला पाठवून द्यायला पाहिजे. बायको म्हणाली, "त्येंना कोण बोलावलंय व्हय तिकडं?" 

त्यांचा खरा जीव होता तो संध्याकाळच्या वर्गात. मागच्या मोहल्ल्यातल्या सात-आठ मुली, कोणी दहावीला इंग्रजीत अडकलेली, कोणी कॉलेजात जाऊन भाषेपायी मुकी झालेली, मशिदीच्या मौलानांच्या अंगणात चटईवर बसायच्या आणि सर त्यांना शिकवायचे. फी नव्हती. उलट सरच जाताना लिमलेटच्या गोळ्या न्यायचे. पण मुली काही तोंड उघडत नव्हत्या. पुस्तकातल्या धड्यात बर्फ पडायचा, कुत्री घसरगाडी ओढायची, आणि हुमनाबादच्या उन्हात त्या बिचाऱ्या खाली मान घालून चटईच्या काड्या उपटायच्या. एके दिवशी सर सायबर कॅफेत मुलाला मेल करायला गेले, तर त्यांच्या आधी कोणीतरी एक इस्लामी वेबसाइट उघडी ठेवून गेलेलं. सरांना इंग्रजी दिसलं की ते वाचणारच. भावांनी विहिरीत टाकून दिलेल्या पैगंबरांची ती गोष्ट होती. सरांनी तिची प्रिंट काढली आणि वर्गात वाचायला दिली. दुसऱ्याच ओळीला, वर्षभरात हूं की चूं न केलेली रेश्मा नावाची मुलगी ताडकन बोलली, "सर, कुएँ में डाले ना उनको भायां? आगे मैं पढतूं." आणि तिनं अडखळत, धडपडत पानभर वाचलं. सर त्या दिवशी जवळजवळ पळतच घरी आले. "अण्णा, गोष्ट वळखीची असली की भाषेची भीती ऱ्हात न्हाई बघा! म्होरं काय हुनार ते त्येंना ठावं हाय. मग इंग्रजीला कामून भ्यायचं?"

तेव्हापासून सर मुलाला मेल करायचं विसरून वेबसाइटा धुंडाळू लागले. शेजारधर्म, आईचा मान, खोटं न बोलणं, सगळं सोप्या इंग्रजीत छापून आणायचे. त्या पानांच्या कडेला लग्न जुळवणाऱ्यांच्या जाहिराती असायच्या. पोरींच्या बापांनी पाहिलं तर काय म्हणतील म्हणून सर घरी बसून कात्रीनं त्या कापून काढायचे. पाठपोट छपाई असल्यामुळे मागचा मजकूरही तेवढाच जायचा. मुली त्याला खिडकीवाला कागद म्हणायच्या आणि खिडकीतल्या ओळी आठवणीनं भरून काढायच्या. सर म्हणायचे, ह्यो बी अभ्यासच हाय. शिवाय अल्लाचं नाव असलेला कागद केरात टाकायचा नाही, पायदळी येऊ द्यायचा नाही, हे मुलींनी एकदा सांगितल्यावर सरांच्या खोलीत फाटकी, चुकलेली, अर्धी छापलेली सगळी पानं साठत गेली. आधी शेल्फ भरलं, मग खाट भरली. शेवटी बुद्धाच्या तसबिरीखाली तेवढी एक सतरंजीपुरती जागा राहिली आणि सर तिच्यावर अंग चोरून झोपू लागले. मी म्हणालो, "सर, जरा आवरा." तर म्हणाले, "असू द्या की. घर भरल्यागत वाटतंय."

पण गावात कुजबूज झालीच. शिकवणारा बौद्ध, शिकणाऱ्या मुसलमानांच्या मुली आणि धडे कुठल्या कोण्या वेबसाइटवरचे. मौलाना एका संध्याकाळी चटईपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "सर, तुमारे पो शक नै जी. मगर नेट पो कोई बी कुच बी लिखता. मेरे कू इंग्रेजी आती नै. मैं कैसा हौ बोलूं?" बोलणं रास्त होतं. त्यात रागही नव्हता. पण सर घरी आले ते चेहरा उतरवून. "वर्ग बंद पडला तर सांजच्याला मी जायाचं कुठं, अण्णा?" एवढंच म्हणाले. मी माणूस फटकळ, पण मलाही त्या रात्री झोप आली नाही. पहाटे भिंतीपलीकडं बुद्धवंदना झाली, इंग्रजी वर्तमानपत्र काही ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनीच तोड काढली. वर्गाआधी तासभर मौलानांपाशी बसायचं, पान वाचून त्यांच्या दखनी उर्दूत सांगायचं आणि मौलानांनी हौ, म्हणजे होय, म्हटलं तरच ते मुलींना द्यायचं. ही तपासणी वर्गापेक्षा मोठी व्हायला लागली. मौलाना दर ओळीला अडायचे. "ये लिखनेवाला कां का है जी? अधूरा लिखा." मग लाल पेन्सिल. सरांची कात्री आणि मौलानांची पेन्सिल यांच्यातून वाचून मुलींपर्यंत जो धडा पोचायचा तो फारच हडकलेला असायचा. मुली मात्र जोरात होत्या. रेश्मा तर आता सरांच्या कात्रीवरही इंग्रजीत टीका करत होती.

आणि त्यातच सरांनी घोटाळा केला. त्या वर्षी रमजान पावसाळ्यात आला होता. वेळापत्रक वाचायला शिकवावं म्हणून सरांनी एका वेबसाइटवरून रोज्याच्या वेळांचं पान छापलं. इंग्रजी स्वच्छ, आकडे ठळक, सर खूश. त्यांनी मौलानांपुढे मोठ्या आवाजात वाचलं, की आज इफ्तार रात्री नऊ वाजता. मौलाना चटईवरून उठलेच. "सर! मगरिब की अजान सात के अंदर होती जी! लोगां कू भुक्के मारते क्या?" वर्गासाठी लवकर येऊन बसलेल्या मुलींनी ओढण्या तोंडात कोंबल्या. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. संपला वर्ग, असंच त्यांना वाटलं. कागद चाचपून, वरची बारीक अक्षरं वाचून ते हळूच म्हणाले, "मौलाना, माफ करना. ये अपने गाँव का नै. विलायत का है. उदर सूरज देर से डूबता."

मौलानांनी तो कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग खाली बसले आणि त्यांनी विचारलं, "उदर इत्ता लंबा रोजा रैता?" सर म्हणाले, हौ. मौलानांचा धाकटा मुलगा विलायतेतच कुठल्याशा गावी गोदामात कामाला होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. तीन वर्षांत आला नव्हता. फोनवर सलाम-दुवा व्हायची, पण रोजा किती लांबतो हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं आणि बापानं विचारलं नव्हतं. "उस के गाँव का निकलता क्या, सर? वैसा कागद?" मौलानांनी इतक्या हळू आवाजात विचारलं, की जणू तेच विद्यार्थी होते. वर्गाचं काय, हा विषय पुन्हा निघाला नाही.

सरांनी दुसऱ्याच दिवशी तो कागद आणून दिला. मग रमजान संपेपर्यंत मौलाना संध्याकाळी आपला रोजा सोडायचे, रमजानातली रात्रीची तरावीहची नमाज आटोपायचे आणि घरी आले की घड्याळाकडं बघत बसायचे. आपल्याकडचं घड्याळ तिकडच्यापेक्षा किती पुढं, ते रेश्मानं त्यांना बोटांवर समजावून दिलं होतं. मध्यरात्र उलटली की तिकडं मुलाच्या तोंडात खजूर पडायचा. मग मौलाना दिवा मालवायचे. हे सगळं सर मला कौतुकानं सांगत होते. माझ्या उंबऱ्यावर बसून, अंधार पडताना. सांगता सांगता मध्येच थांबले आणि म्हणाले, "अण्णा, त्येंचं पोरगं सात समुद्रापल्याड हाय, तरी कवा जेवतंय ते मौलानांना ठावं हाय. माजं पुण्यात हाय. कवा जेवतंय, काय जेवतंय, मला काय कळंना बगा."

मी आपला कोरडेपणानं म्हणालो, फोन करा की.

"करतो की," सर म्हणाले. "कवा बी केला तरी जेवलो म्हणतंय. दुपारी केला तरी जेवलो, सांजच्याला केला तरी जेवलो. म्होरं बोलायला मग काय ऱ्हातंय?"

रस्त्यावरून लॉऱ्या जात होत्या. त्यांच्या पाठीवरची अक्षरं सरांनी त्या दिवशी वाचली नाहीत. थोड्या वेळानं ते उठले, धोतर झटकलं आणि विचारलं, "तुम्ही जेवलाव का, अण्णा?"

ड्यूटीवरून येताना मी कँटीनमध्ये पोटभर खाऊन आलो होतो. नाही म्हणालो, आणि त्यांच्या मागं त्यांच्या खोलीत गेलो.