साळवे सरांची मोटर

साळवे सर गेल्याचं कळलं तेव्हा मी गच्चीवर टाकीत किती पाणी उरलंय ते बघत होतो. खालून हिने हाक मारली, "अहो, सर गेले..."

भिंतीला भिंत लागून आमचा शेजार. ते कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे, मी बँकेत. त्यांच्या विद्वत्तेबद्दल इतरांनी लिहिलंच आहे. मला समजतं ते पाण्याचं, म्हणून तेच सांगतो.

आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा नळ येतो, तोही जेमतेम तासभर. म्हणून घरोघरी लाइनमधून थेट पाणी ओढणारी मोटर आहे. नियमाने तिला बंदी आहे. शेवटच्या घरात एकट्या राहणाऱ्या खुर्शीदखालांकडे ना मोटर, ना पाणी. यावरून बैठक झाली, भांडणं झाली. सर म्हणाले, "जे सगळ्यांनी केलं तर कुणाचंच धड होणार नाही, ते एकट्यानेही करू नये. आयुष्यभर मी हेच शिकवलं." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची मोटर काढली. बाकी कुणीच काढली नाही.

पुढच्या पाण्याला माझी टाकी भरून वाहिली, कारण सरांनी सोडलेलं पाणी माझ्याच मोटरीने ओढलं. खाला दारात येऊन म्हणाल्या, "सर, तुमारी मोटर बंद, पन मेरे नल में बूंद नई." हापशावरून आलेल्या सरांच्या पत्नी सुमनवहिनींनी कळशी आपटली. "तुमचं तत्त्व लई चांगलं, पण त्याच्या कळशा मी वाहायले. फायदा झाला तो या भाऊजींचा!"

सर हसले नाहीत. दोन दिवसांनी मला म्हणाले, "माझा नियम खोटा नाही, अपुरा आहे. माझे हात स्वच्छ आहेत का, एवढंच तो विचारतो. खालांचा ड्रम भरला का, हे विचारतच नाही."

त्यांनी मोटर परत बसवली आणि लांब पाइप टाकून आधी खालांचा ड्रम भरायला सुरुवात केली. गल्लीत टोमणे सुरू झाले, "काय सर, तत्त्व गंजलं का?" मी विचारलं, दंड झाला तर? "भरीन. पण उद्या प्रत्येक जण म्हणेल, मीही कुणासाठी तरीच लावलीय. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही..." आपल्याच म्हणण्यातलं भोक असं उघड दाखवणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

ते गेल्यानंतर पहिल्यांदा नळ आला, तेव्हा सरांच्या घरात कन्नड गावाहून आलेले पाहुणे होते. वहिनींनी मोटर लावली आणि पाइप खालांकडे नेला. खालांनी तो परत आणला. "नक्को भाभी, घर भरा है. आज पहले तुमारी टाकी."

"यांनी कधी आधी आपली भरली का? धरा तो पाइप."

दोघींपैकी कुणीच ऐकेना. लाइनला पाणी थोडंच होतं आणि माझी मोटर ते ओढत होती. मी घरात जाऊन बटण बंद केलं.

माझी टाकी निम्मीच राहिली. खालांचा ड्रम भरला, आणि नळ जायच्या आत वहिनींची टाकीही.