सासूबाईंचं उडायचं जाकीट

माझ्या सासूबाई विसाव्या वर्षी विमान चालवायला शिकल्या. तेव्हा नागपुरात सायकलवर बाई दिसली तरी लोक वळून बघत. लग्नानंतर उडणं सुटलं. उरलं एक तपकिरी चामड्याचं जाकीट. ते आमच्या कपाटात साड्यांना ढकलून मानानं लटकलेलं असे.

यंदा एप्रिलात विमान शिकवणाऱ्या एका संस्थेनं त्यांना एक फेरी मारायला बोलावलं. वय चौऱ्याऐंशी. घरात आनंदीआनंद, पण बोलावण्याच्या कागदावर आपल्या नावापुढे ‘प्रवासी’ वाचून बाई फुगून बसल्या. नुसतं बसायचं तर एसटी काय वाईट, म्हणाल्या. त्यांना विमान आपल्या हातात हवं होतं. जाकीट घालूनच जाईन, म्हणजे कोण आलंय ते त्या लोकांना समजेल, असं त्यांनी जाहीर केलं.

जाकीट वाळून कडक झालेलं. मी अतिशहाणी. नरखेडकडच्या माझ्या माहेरी बैलांच्या चामडी पट्ट्यांना तेल चोळत, तेवढ्या ज्ञानावर मी आदल्या दुपारी वाटीभर जवसाचं तेल त्यात जिरवलं. सकाळी हात लावला तर बोटं चिकटली. मला रडूच कोसळलं.

सासूबाईंनी जाकीट चाचपलं, बोटं हुंगली.

“काहून रडून राहिली वं? जाकीट आहे, लेकरू नाही.”

मग नवऱ्याला शेजारी कॅरमची पावडर आणायला पिटाळलं आणि डबाभर पावडर स्वतः जाकिटावर थापली. अशा पांढुरक्या, जवसाच्या चटणीचा वास मारत त्या धावपट्टीवर पोचल्या. पायलट नातीच्या वयाची पोरगी होती. तिनं जाकीट पाहिलं मात्र, आणि दोघींचं वाऱ्यावर, इंजिनावर जे बोलणं सुरू झालं त्यातलं मला अक्षर कळलं नाही.

विमान वर गेलं. मी मान दुखेपर्यंत बघत होते. आधी ते सरळ चाललं. मग डावीकडे कललं, लगेच उजवीकडे, पुन्हा डावीकडे. नवऱ्यानं माझा दंड घट्ट धरला. मला भीती वाटायला हवी होती, पण मी चक्क टाळ्या पिटत होते.

खाली आल्यावर सासूबाई घामानं निथळत होत्या, चाल मात्र ताठ. मागून पोरगी आली, तिच्याही कपाळावर घाम.

“काकू, मी तर हात मांडीवर ठेवून बसली होती,” ती म्हणाली. “खाली उतरवाले मी विमान दोनदा मागितलं, तेव्हा कुठं आजींनी दिलं.”