सत्तेचाळीस ते साठ

माझ्या थोरल्या जावेइतका राग अख्ख्या डोंबिवलीत दुसऱ्या कोणाला येत नसेल, आणि आलाच तर तो इतका मुद्देसूद असणार नाही. बाकीचे लोक रागावले की भांडी आपटतात. ती हातातलं भांडं हळूच खाली ठेवायची आणि प्रश्न विचारायची. त्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागे आणि दिलेल्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. मोघम बोलणं तिच्या अंगाला खाजकुइलीसारखं लागायचं. डॉक्टर म्हणाले, 'काळजीचं कारण नाही,' तर 'मग कारण आहे तरी कशाचं' असं विचारून ती त्यांना पाच मिनिटं खुर्चीत अडकवून ठेवायची. रेडिओवर 'तुरळक ठिकाणी पाऊस पडेल' असं ऐकलं की 'ठिकाणांची नावं घ्यायला यांची जीभ झिजते का' म्हणून रेडिओच बंद करायची. सासूबाई एकदा जेवताना म्हणाल्या, "आमटी ठीक झालीय." झालं. ठीक कशात, मिठात की तिखटात, कालच्यापेक्षा की शेजारणीच्यापेक्षा, याची चौकशी ताक-भातापर्यंत चालली. तेव्हापासून आमच्या घरात स्वयंपाकाला नावं ठेवायची सोय उरली नाही, आणि कौतुक करायची तर त्याहून नाही.

मी त्या घरात आले ती ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. माझं माहेर ठाण्याला, कोपरीत. सासर डोंबिवली पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक गॅलरी, त्यात सासू-सासरे, थोरले दीर, जाऊ, माझे मिस्टर आणि मी. लग्नाआधी मी बँकेतल्या कारकुनाच्या परीक्षेला एकदा बसले होते आणि पडले होते. वयाच्या अटीमुळे आता एकदाच बसता येणार होतं. मिस्टरांची कंपनी बंद पडायची बोलणी चालू होती, म्हणजे माझी नोकरी ही काही हौस नव्हती. तरी घरातला प्रत्येक जण मला एकच सल्ला द्यायचा, 'अजून मन लावून अभ्यास कर.' मला त्या वाक्याचा इतका संताप यायचा की ते म्हणणाऱ्याच्या डोक्यावर पुस्तक ठेवून 'हे घ्या, तुम्ही लावा मन' असं म्हणावंसं वाटे. मन लावायचं म्हणजे कुठे लावायचं, हे कोणीच सांगत नव्हतं.

स्टेशनजवळच्या दुकानातून मी सराव प्रश्नपत्रिकांचा संच आणला. एका पत्रिकेत शंभर प्रश्न, दोन तासांत सोडवायचे, प्रत्येकाखाली पाच उत्तरं आणि त्यातलं एक बरोबर. पहिली पत्रिका सोडवली, तपासली, अठ्ठावन्न पडले. संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगितलं. मिस्टर म्हणाले, "वाईट नाही." थोरले दीर म्हणाले, "सत्तरच्या वर पाहिजेत." सासूबाई म्हणाल्या, "नशिबात असेल तर होईल." वहिनी, म्हणजे माझी जाऊ, पोळ्या लाटत होती. तिने लाटणं बाजूला ठेवलं.

"अठ्ठावन्न बरोबर," ती म्हणाली. "मग बेचाळीस कुठे गेले?"

"चुकले," मी म्हटलं.

"ते कळलं. कुठे चुकले?"

मला सांगता येईना. मी फक्त बेरीज केली होती. वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बाजारातून अर्धी पिशवी सांडत आले होते आणि वाटेत कुठे सांडली तेही मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून माझे पेपर ती तपासायला लागली. इंग्रजी तिला फारसं येत नव्हतं आणि प्रश्न ती वाचायचीही नाही. तिला फक्त आकडे लागत. मागच्या पानावरची उत्तरं समोर घेऊन, मांडीवर तांदळाचं ताट घेऊन, ती खडे वेचता वेचता बोलायची, "बत्तीस. तू चार लिहिलंयस, पाहिजे दोन." प्रत्येक चुकीपाशी मला सांगावं लागे की हे येतच नव्हतं, की येत असून घाई झाली, की नुसताच अंदाज ठोकला. मी 'थोडंफार येत होतं' म्हटलं तर ती ताट खाली ठेवायची, आणि ताट खाली गेलं की त्या दिवशी भात उशिरा होणार हे सासरे गॅलरीतूनच ओळखायचे.

सहा पेपर झाल्यावर तिच्या लक्षात आलं की शेवटच्या वीस भाषेच्या प्रश्नांत माझे दोनच्या वर कधी चुकत नाहीत. मला ते प्रश्न फार आवडायचे. रोज दुपारी पेपराच्या आधी मी जुन्या पेपरांतले तेच पुन्हा सोडवत बसायची, कारण उत्तरं बरोबर येत गेली की अभ्यास झाल्यासारखं वाटे. एका सकाळी पाहते तर सोडवून झालेल्या पेपरांतली भाषेची पानं गायब. गॅलरीत गेले. तिने त्यांच्यावर पोह्याचे पापड वाळत घातले होते, चारी कोपऱ्यांना दगड ठेवून.

"वहिनी, अहो माझी पानं."

"जे येतं ते पुन्हा पुन्हा करायचं, याला करमणूक म्हणतात," ती म्हणाली. "करमणुकीला आपल्याकडे रेडिओ आहे."

मी इतकी चिडले की दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. ती बोलत राहिली, कारण पेपर तपासायचे होते.

मग तिने जुन्या कॅलेंडरचं मोठं पान उलटं करून भिंतीला चिकटवलं आणि त्यावर चौकटी आखल्या. आडव्या शंभर, प्रश्नांच्या; उभ्या पेपरांच्या. जो प्रश्न चुकला त्याची चौकट काळी करायची. दहाव्या पेपरापर्यंत पानाच्या मधोमध एक काळा पट्टा उमटला. सत्तेचाळीस ते साठ. प्रश्न कधी गणिताचे असत, कधी तर्काचे, तरी पट्टा तिथेच. घरातले सगळे तो पाहून गेले आणि कोणाला काही कळलं नाही. मला वाटलं मी दमत असेन. मिस्टर म्हणाले, चष्मा लागला असेल.

वहिनी दोन दिवस त्या पट्ट्यासमोरून येताजाता रागाने बघत होती. तिसऱ्या दिवशी मी पेपर लिहीत असताना ती दारात घड्याळाकडे बघत उभी राहिली. तीनला मी सुरुवात केली होती. चारला मोरीतला नळ फुसफुसला. डोंबिवलीत तेव्हा पाणी चारला येई आणि पंधरा-वीस मिनिटांत जाई. तेवढ्यात दोन पिंपं आणि सगळ्या कळशा भरल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशीच्या आंघोळी राहात. मी उठत नसे, पाणी वहिनीच भरायची. पण नळ आला की सासूबाई आतून सांगत, "पाणी आलं गं," आणि ते कोणाला सांगत ते मला बरोबर कळे.

"कितवा प्रश्न?" वहिनीने विचारलं.

"अठ्ठेचाळीस."

तिने मान हलवली आणि पाणी भरायला गेली.

रात्रीच्या जेवणाला तिने तो पट्टा सगळ्यांसमोर मांडला: सत्तेचाळीसपाशी नळ येतो, साठपाशी जातो. थोरले दीर म्हणाले, "मग सोपं आहे, सकाळी लिहू दे. परीक्षेच्या हॉलमध्ये कुठे नळ असतो?"

"नळ मोरीत नाहीये," वहिनी म्हणाली. "हिच्या कानात आहे. तिथे कोणी खोकलं तरी ही बादली शोधायला लागेल."

तिचा उपाय ऐकून मला रडू आलं. पेपर तीनलाच लिहायचा, दार सताड उघडं ठेवायचं, नळ ऐकायचा आणि उठायचं नाही. शिवाय ती सासूबाईंना म्हणाली, "आई, तुम्ही रोज सांगता तसं सांगायचं. जरा मोठ्याने सांगा." सासूबाईंना हा अपमान वाटला आणि त्यांनी मौन धरलं. दुसऱ्या दिवशी चारला घरात चिडीचूप. वहिनी मोरीतून बाहेर आली ती लालबुंद होऊन. "आता का बोलत नाही? हिचा सराव बुडतोय." पन्नास वर्षांत सासूबाईंना कोणी टोमणे मारायची विनंती केली नव्हती. पुढे त्या खरंच चारच्या ठोक्याला दारात येऊन सांगायच्या, आणि काही दिवसांनी तर घड्याळ बघून आधीपासून तयारीत असायच्या.

पहिल्या आठवड्यात पट्टा आणखी काळा झाला. कळशीचा प्रत्येक आवाज माझ्या पाठीत लागे. वहिनी एकटी दोन पिंपं भरतेय आणि मी कोणी राणी असल्यासारखी बसलेय, या विचाराने समोरची अक्षरं हलायची. एका दुपारी मोरीत धाडकन आवाज झाला. मी पेन टाकून धावले. वहिनी पाण्यात बसली होती, गुडघा धरून, कळशी लांब पडलेली.

"कितवा?" तिने विचारलं.

"वहिनी, लागलंय तुम्हाला."

"ते माझं मी बघते. कितवा?"

"बावन्न."

"मग त्रेपन्न कर जा."

माझा तोल गेला. मी म्हटलं, "मला नको ही परीक्षा. पडले तर पडले. तुमचा गुडघा फुटून मी कारकून व्हायचं, आणि त्यात तुम्हाला काय मिळणार आहे?" ती उठली, लंगडत नळाखाली कळशी लावली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "वेळ चाललाय." मी रागाने आत गेले आणि त्याच रागात पुढचे प्रश्न सोडवले. त्या दिवशी सत्तेचाळीस ते साठमध्ये फक्त तीन चौकटी काळ्या झाल्या. त्यातली एक बावन्नची.

परीक्षा ठाण्याच्या एका शाळेत झाली. मधेच बाहेर कोणीतरी बाक ओढत नेला. मी मान वर केली नाही. दोन महिन्यांनी पत्र आलं, लेखी परीक्षेत पास, मुलाखतीला या. मिस्टरांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. वहिनीने पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि संतापली. "नुसतं पास? किती चुकले, कुठे चुकले, काही नाही. एवढी मोठी बँक आणि एक कागद धड लिहिता येत नाही."

मुलाखत झाली, नोकरी लागली. मी सकाळी आठला घर सोडायची, सातला परत यायची. मिस्टरांची कंपनी खरंच बंद झाली आणि तीन वर्षं घर माझ्यावर चाललं, म्हणजे खरं सांगायचं तर ज्या बाईने चारचं पाणी एकटीने भरलं तिच्यावर चाललं. हे घरात कोणी बोललं नाही. मीसुद्धा नीट बोलले नाही, याचा मला आजही राग येतो.

एका रविवारी दुपारी सगळे झोपले असताना वहिनी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "दहावीच्या गणिताचा सराव पेपर मिळेल का गं? मराठीतला." मी दुसऱ्याच दिवशी आणला. पुढच्या रविवारी ती स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्यानेच लिहायला लागली, मग खाली बसली. दोन तास तिने मान वर केली नाही. पेपर माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "तपास."

मी तपासला. फार वाईट होता. मी इकडे दोन, तिकडे तीन असे मार्क वाढवत पंचाहत्तरपैकी सत्तावीसपर्यंत नेले. तिने पेपर घेतला, उत्तरांचं पान मागितलं आणि ओळीओळीने बोट फिरवत गेली.

"याला दोन कशाचे दिलेस? उत्तर चुकलंय."

"रीत थोडी बरोबर होती."

"मला मार्क नकोत," ती म्हणाली. "चूक पाहिजे."

मग तिने सांगितलं. शहाडच्या पलीकडे, उल्हास नदीच्या काठी तिचं गाव. तेव्हा दहावीऐवजी जुनी अकरावी मॅट्रिक होती. प्रिलिममध्ये ती गणितात नापास झाली. मास्तरांनी वडिलांना बोलावून फक्त आकडा सांगितला, एकोणीस. वडिलांनी पेपर दाखवा म्हटलं नाही, ते त्यांना सुचणारच नव्हतं. पेपर शाळेच्या कपाटात राहिला. मुलीच्या डोक्यात गणित जात नाही असं ठरलं, शाळा सुटली आणि वर्षभरात लग्न झालं. "एकोणीस म्हणजे काय, कुठे गेले बाकीचे, मला कोणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. "अठरा वर्षं मी मठ्ठ आहे असंच समजून चाललेय."

त्या न पाहिलेल्या मास्तरांचा मला इतका राग आला की माझ्याच्याने बसवेना. मी लाल पेन घेतलं, वाढवलेले सगळे मार्क खोडले आणि पुन्हा पहिल्यापासून तपासलं, तिने माझं तपासलं होतं तसं, एकेका चुकीपाशी थांबून. इथे काय केलंत, हे का केलंत. तास-दीड तास गेला. मार्क झाले चौदा. पण चुका एकामागोमाग एक बाजूला लिहिल्या तेव्हा दिसलं की समीकरण तिला मांडता येतंय, भूमितीची आकृती बरोबर काढलीय, शाब्दिक गणितात काय विचारलंय ते कळतंय. जिथे जिथे अपूर्णांक आला तिथे तिथे गाडी घसरलीय. ती वरच्यात वरचा आणि खालच्यात खालचा मिळवून मोकळी होत होती. बहुतेक सगळ्या चुकांच्या तळाशी तेवढी एकच होती.

मी कागदावर अर्धा अधिक एक तृतीयांश लिहिलं. छेद समान का करायचे ते एका पोळीचे तुकडे करून दाखवलं, पहिल्यांदा दोन, मग तीन, मग सहा. तिने ते तुकडे बराच वेळ इकडून तिकडे सरकवले. नंतर पेन घेऊन शांतपणे लिहिलं, पाच षष्ठांश.

"एवढंच होतं?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. दहावीचा फॉर्म भरायचं मी पुढे कितीदा सुचवलं, पण तिने भरला नाही. आता कशाला, म्हणायची, आणि तेही न रागावता. त्या दुपारी मात्र तिने पदराने डोळे पुसले, पोळीचे तुकडे गोळा करून डब्यात ठेवले आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"अजून एक घाल," ती म्हणाली.