दोन बरोबर एक

"मावशी, झाडू ठेवा तिथं. फळ्याजवळ उभ्या राहा."

मी उभी राहिले. अकोल्यातल्या त्या क्लासमध्ये दर जूनला नवी बॅच आली की हा खेळ व्हायचा. मी तिथली झाडलोट करणारी, चहा देणारी. कामावर घेताना सरांनी माझं पूर्ण नाव विचारलं होतं. त्या दिवसापासून माझा कप संडासाच्या खिडकीत.

सरांनी फळ्यावर लिहिलं, अ = ब. दोन्ही बाजूंना अ ने गुणलं. दोन्हीकडून ब चा वर्ग वजा केला. अवयव पाडले.

(अ + ब)(अ − ब) = ब(अ − ब)

मग दोन्हीकडचा अ − ब खोडला. उरलं अ + ब = ब. अ म्हणजे ब च, म्हणून दोन ब बरोबर एक ब. म्हणून २ = १.

"दोन म्हणजे मी," सर म्हणाले. "एक म्हणजे या मावशी. घ्या, सिद्ध झालं, आम्ही सारखे! सरकारही असंच सिद्ध करतं. तुमच्या सीटा अशाच जातात."

पोरांनी बाकं वाजवली. मागून एक ओरडला, "मावशी, दोन चहा सांगितले तर एकच आणता का?"

चार वर्षं मी अशी उभी राहिले. खोट मला पहिल्याच वर्षी दिसली होती. पूर्वी अमरावतीला मी बी.एस्सी. करत होते, गणित घेऊन. दुसऱ्या वर्षाला लग्न लावून दिलं. दिसूनही गप्प बसले, कारण माझ्या मुलीला क्लासमध्ये फुकट बसू देतो असं सर बोलले होते. ती अकरावीत येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

यंदा ती आली. तिसऱ्या बाकावर बसली होती. मी तिची आई, हे तिनं वर्गातल्या पोरांना कळू दिलं नव्हतं.

मी तिच्याकडे पाहिलं. तीही हसत होती. शेजारणीपेक्षा मोठ्यानं.

मी खडू उचलला.

"सर, तुमी खोटं शिकवून राहिले."

खोडलेल्या अ − ब भोवती मी गोल काढला.

"अ आन् ब सारखे, तर अ वजा ब किती? शून्य. तुमी दोन्हीकडं शून्यानं भागलं. पाच गुणिले शून्य, शून्य. नऊ गुणिले शून्य, तेबी शून्यच. आता दोन्हीकडचं शून्य खोडा. पाच बरोबर नऊ झाले का? शून्यानं गुणलं की आधीचा आकडा मरते. भागून तो जित्ता कसा होईन?"

पहिल्या बाकावरची एक मुलगी वहीत बघत म्हणाली, "बरोबर आहे, सर."

सरांनी लाकडी डस्टर फेकलं. माझी भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. मग त्यांनी माझे केस धरले आणि डोकं फळ्यावर आपटलं. दोनदा. जातीवरून शिवी दिली. ती मी पोलीस ठाण्यात अक्षरन् अक्षर लिहून दिली आहे, इथे पुन्हा लिहीत नाही. तिसऱ्यांदा आपटणार तेवढ्यात मी त्यांचं मनगट चावलं. तोंडात रक्त आलं तेव्हाच सोडलं.

वर्ग भरलेला होता. कुणी उठलं नाही. माझी मुलगीही नाही.

मी तशीच, चेहरा न पुसता, चालत ठाण्यात गेले. टाके नंतर घातले.

तिसऱ्या दिवशी सरांचा माणूस घरी आला. पाणीही घेतलं नाही. दारातूनच म्हणाला, "ताई, तक्रार मागं घ्या. पोरीला पहिल्या बाकावर बसवतो. नाहीतर अकोल्यात तिले कोणता क्लास घेते ते पाहा."

तो गेला. मुलगी म्हणाली, "घे ना माय मागं. तुहे टाके भरून येतीन. माहं वर्ष नाही येत वापस."

"तू काहून हासली?"

"नाही हासली असती, तर समजलं असतं साऱ्याईले. तू माही माय हायेस म्हणून."

ती रडायला लागली. मी जवळ घेतलं नाही.

तक्रार मी मागे घेणार नाही. गणित मी तिला घरी शिकवते, पहाटे, स्वयंपाकाआधी. रोज एक खोटी सिद्धता लिहून देते, चुकलेली पायरी ती शोधते. सापडल्याशिवाय उठायचं नाही. कोर्टात सर म्हणतील, गंमत होती, सगळी पोरं हसत होती. तेव्हा मी आधी माझं सांगेन, की खोट दिसत असताना चार वर्षं मी गप्प राहिले. मग माझी मुलगी साक्षीला उभी राहील. ती हसली होती, आणि का हसली होती, हे तिला सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगावं लागेल. तिला लाज वाटेल. वाटू दे. आली नाही तर मी दंड धरून नेईन.