इंजिन मागे लागलं तेव्हा

विशाखापट्टणमला भुवनेश्वरच्या गाडीचं इंजिन पुढून सुटतं, मागे लागतं, गाडी उलट्या दिशेनं निघते, आणि समुद्राकडची खिडकी डोंगराकडे होते. हे मला ठाऊक होतं. साहेबांना नव्हतं.

पुण्याला चढताच या साहेबांनी आईला तिच्या खिडकीतून उठवलं होतं. "मावशी, तुम्ही पलीकडे माझ्या खिडकीत बसा. चिलिका सरोवर या बाजूनं दिसतं. तुम्हाला त्यातलं काय कळणार?" आई मुकाट उठली. जन्मभर ती अशीच उठत आलीय. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर, भांडले असते. पण नकाशा बघून आले होते, म्हणून गप्प बसले. ज्यांना सगळीकडे 'जरा सरका' ऐकावं लागतं, त्यांनी रस्ते आधी शिकून ठेवावेत.

गाडी इतकी रखडली की चिलिका आलं तेव्हा उजाडलं होतं. सगळं पाणी आईच्या खिडकीत, साहेबांसमोर नुसते डोंगर. ते उठून आले. "ताई, मावशींना जरा सरकायला सांगता का?"

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं. जिवाला काय गार वाटलं!

आईनं पाण्यावरची नजर काढली नाही. "मला हितं बरं वाटतंय," म्हणाली, आणि पाय वर घेऊन ऐसपैस मांडी घातली.