करी लाडवांची खिरापत

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला की तो गाडी बंद करायचा आणि पायाने रेटत आत यायचा. ज्या गाडीच्या फटफटाटाने अख्खी चौबे कॉलोनी वैतागलेली, ती आमच्या दारावरून अशी मुकाट जायची. मी खिडकीत केस विंचरत उभी. पोट्टा माझ्या बाबांना घाबरतो, असं मी धरूनच चालले होते. आता पोट्ट्याने एखादीच्या बाबांना का घाबरावं, ते तुम्हीच समजा.

कॉलेजात त्याचं नाव वाईट होतं, आणि ते त्याने मेहनतीने कमावलं होतं. कँटीनमध्ये मारामारी, प्रिन्सिपॉलच्या खोलीबाहेर कायमची हजेरी, वर्गात झोप. पण काहीही सांगा, मान डावीकडे टाकून म्हणायचा, "हव, हो जाएगा." आणि व्हायचं, बरं का. कोणाला रक्त हवं असो की रेल्वेचं तिकीट.

समोरच्या घरात सुमेधा राहायची. शाळेपासून घट्ट वेणी, पहिला बाक. सर होमवर्क तपासायला विसरले तर ही उठून आठवण करून द्यायची. खोटं तर तिला बोलताच यायचं नाही. माझी आई उठता-बसता म्हणायची, "तिच्याकडे पाह्य जरा." पाहून पाहून माझे डोळे दुखायला आले होते.

आमच्याकडे भुलाबाई बसते. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी एकेकीच्या घरी गाणी, आणि शेवटी खिरापत. झाकलेला डबा वाजवायचा, आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. जिची खिरापत ओळखता येत नाही, तिचा तोरा वर्षभर. आम्ही कॉलेजात गेलो तरी लहान पोट्ट्यांबरोबर बसायचो.

त्या वर्षी आमची पाळी आली तेव्हा मी त्याला गाठलं. "सदर बाजार से करी लड्डू ला देगा? किसी को बताना मत." बेसनाची शेव गुळाच्या पाकात वळून करतात, तो इकडचा लाडू. मराठी घरात कोण करतं?

"हव, हो जाएगा."

फाटकाशी पुडा देताना त्याची बोटं माझ्या हाताला लागली. त्या दुपारी मी भांडी घासली नाहीत.

संध्याकाळी डबा वाजवला. चिवडा? चकली? शंकरपाळे? मी आपली ऐटीत मान हलवतेय. सुमेधा खाली बघत बसलेली.

"तू काहून चूप? ओळख ना," मीच म्हटलं.

"मी नाही ओळखत. मले माहीतच आहे," ती म्हणाली. "करी लाडू."

पोट्ट्यांनी टाळ्या पिटल्या. मी तिला स्वयंपाकघरात नेलं. "कोणी सांगितलं?"

दुसरी असती तर वास आला म्हणाली असती. हिने कानापर्यंत लाल होऊन त्याचं नाव घेतलं. वर म्हणाली, "तो गल्लीत येतो त्या वेळेला मी अभ्यासाला बसलेली असते ना, म्हणून गाडी बंद करतो."

सांगते, इतकी जळले मी. वाईट पोट्ट्याला वाईटच पोट्टी मिळावी आणि ती मी असावी, एवढं साधं गणित होतं माझं. हिला मार्क मिळाले, माझ्या आईचं कौतुक मिळालं. याला तरी सोडायचं होतं.

घरच्यांची रडारड होऊन दोघांचं लग्न झालं. अभनपूरला त्याचं ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान आहे, ती शाळेत शिकवते. मी इथंच, त्याच खिडकीत.

गेल्या भुलाबाईत गल्लीच्या तोंडाशी एक गाडी बंद झाली. मी केसांवरून हात फिरवला. तो दारात आला, कानाजवळ पांढरा झालेला, हातात झाकलेला डबा.

"दीदी, सुमेधा ने भेजा है. पहचानो."

दीदी म्हणाला मला.

त्याने डबा वाजवला. गुळाचा वास थेट नाकात आला.

"चिवडा," मी म्हटलं.

"नहीं." मान डावीकडे टाकून हसला, पुन्हा वाजवला.

मला खोटं बोलता येतं. चकली म्हटलं, शंकरपाळे म्हटलं, अनारसे म्हटलं. तो दारात उभा राहून डबा वाजवत राहिला.